घरच्या बिअरला दवाखान्याचा वास येतोय, नेमकं कुठे चुकतंय?

फेसाळ | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो. दीड वर्षापासून घरी बिअर बनवतोय, एका वेळी २० लिटर, एल जातीची, साधी फिकट. पहिले सहा घाणे मस्त झाले. शेवटच्या दोन घाण्यांना मात्र एक विचित्र वास येतोय आणि मला तो उलगडत नाहीये.

बाटली उघडली की आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा वास येतो, लिंबाची साल चुरडल्यासारखा. तिथपर्यंत सगळं छान. घोट गिळला की मागून, नाकाच्या वरच्या अंगाला, दवाखान्याच्या पायरीवर येतो तसला वास चढतो. बहिणीला काही न सांगता ग्लास दिला, ती म्हणाली, "जखम पुसल्यासारखं वाटतंय." आई म्हणते लवंग. मला डेटॉल वाटतं.

कृती नेहमीचीच. माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) ६६ अंशांच्या पाण्यात तासभर, मग गाळून तासभर उकळी, बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार, कोरडं यीस्ट, दोन आठवडे टबात. पाणी नळाचं. खोलीत सध्या २८ अंश आहे. सगळं सामान निर्जंतुक करतो, त्यात हयगय नाही. पहिला बिघडलेला घाणा मोरीत ओतला. दुसरा अजून बाटल्यांत आहे, ओतून द्यायला जीव होत नाही. काय करू?

नळपाणी | रविवार, सकाळी ९.४१

पाणी. दुसरं काही नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालोय. नळाच्या टोकाला पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन उरला पाहिजे, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, आणि ते योग्यच आहे. त्याच्यामुळे आपल्याला कावीळ-हगवण होत नाही. पण तोच क्लोरीन तुमच्या माल्टशी भांडतो. साधी ओटी टेस्ट करून बघा. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. कुठल्याही ग्रामपंचायतीचा पाणीवाला तुम्हाला करून दाखवेल.

चिंचवडी_एल | रविवार, सकाळी १०.०५

नळपाणी काका, असहमत. आईंनी लवंग म्हटलंय, ते सोडून कसं चालेल? २८ अंश म्हणजे खोलीचे. यीस्ट कामाला लागलं की स्वतःची उष्णता सोडतं, टबाच्या आत तीनचार अंश तरी जास्त धरा. बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ लागतं. मेमध्ये पुण्यात त्याला ताप आलाय हो. तापलेलं यीस्ट भलतेसलते वास सोडतं, आणि त्यात कुठून रानटी यीस्ट शिरलं असेल तर लवंग ठरलेली.

पेठेतला | रविवार, सकाळी १०.०९

आमच्या वाड्यात डेटॉलच्या वासाला स्वच्छता म्हणतात. पाठवून द्या इकडे.

रसायनवेडी | रविवार, सकाळी ११.३०

थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे दोन वेगळे वास एकाच नावाने चाललेत.

लवंगेसारखा वास येतो तो चार-व्हिनाइल ग्वायकॉलचा. धान्याच्या टरफलात फेरुलिक आम्ल असतं, काही जातींचं यीस्ट त्याचं हे संयुग करतं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात. वास उबदार असतो, मसालेभातासारखा.

डेटॉलसारखा, बँडेजच्या पट्टीसारखा वास येतो तो क्लोरोफेनॉलचा. माल्टमधली फिनॉल नावाची संयुगं आणि क्लोरीन एकत्र आली की हा तयार होतो. डेटॉलमधला जंतुनाशक घटक क्लोरोझायलेनॉल, म्हणजे तोही क्लोरोफेनॉलच, त्यामुळे तुमच्या नाकाने खोटं सांगितलेलं नाही. वाईट गोष्ट अशी की आपल्या नाकाला तो अब्जात काही भाग इतका कमी असला तरी कळतो.

फेसाळ, आता आईंकडून एक काम करून घ्या. दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाण्यात दोन लवंगा ठेचून टाका. दुसरीत कापसावर डेटॉलचा एक थेंब. तिसरा तुमचा ग्लास. डोळे मिटून तिन्ही आळीपाळीने हुंगायचे, मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा म्हणजे नाक ताजं होतं. जो जवळचा वाटेल तो सांगा. वासाचं नाव पक्कं झाल्याशिवाय कारण शोधण्यात अर्थ नाही.

फेसाळ | रविवार, दुपारी १२.५०

केलं. आई, बहीण आणि मी, तिघांनी. आईने आधी लवंगेवर बोट ठेवलं, मग परत हुंगून म्हणाली, "नाही रे, लवंग गोड असते. हा गोड नाही." तिन्ही मतं डेटॉलला.

पण नळपाणी काका, एक शंका आहे. मी तासभर खळखळ उकळतो. क्लोरीन तर उडून जाणारा, मग तो राहील कसा?

रसायनवेडी | रविवार, दुपारी १.१५

शंका बरोबर आहे, पण क्रम बघा. तुम्ही माल्ट आधी पाण्यात घालता, उकळी नंतर. क्लोरीन आणि फिनॉल यांची गाठ ६६ अंशांच्या त्या तासातच पडते. एकदा क्लोरोफेनॉल झाला की तो उकळून जात नाही. पाणी माल्ट पडायच्या आधी उकळायला हवं, तेही झाकण काढून, आणि मग ६६ पर्यंत निवू द्यायचं.

मंडईवाला | रविवार, दुपारी १.४०

सरबतं करणाऱ्यांकडे केएमएस असतं ना, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, स्क्वॅश टिकायला घालतात ते. तेच चालतं. परदेशात त्याची कॅम्पडेन नावाची गोळी मिळते, एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते. आपल्याला २० लिटरला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास पुरे, म्हणजे अगदी नखावर मावेल एवढं. ढवळा, दहा मिनिटं थांबा, क्लोरीन गेला. जास्त घातलंत तर काडेपेटी ओढल्यासारखा गंधकाचा वास येईल, म्हणून सोनाराचा काटा वापरा.

दूरदेशी | रविवार, दुपारी ३.२०

मी मेलबर्नला असतो. इथे काही ठिकाणी नुसत्या क्लोरीनऐवजी क्लोरामीन घालतात, ते उकळून सहज जात नाही. केएमएसने दोन्ही जातात. म्हणून मी पाणी उकळत बसतच नाही, सरळ केएमएस.

चिंचवडी_एल | रविवार, दुपारी ४.००

ठीक, डेटॉल तर डेटॉल. पण तापमानाचा मुद्दा मी सोडणार नाही. माझी सोय सांगतो: टब मोठ्या घमेल्यात, घमेल्यात चार बोटं पाणी, टबाला जुन्या धोतराचं कापड गुंडाळायचं, त्याची टोकं पाण्यात, समोर टेबलफॅन. माठाचं शास्त्र आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाच अंश सहज उतरतात. जुलैत हवाच ओली असते, तेव्हा हा उपाय झोपतो. मग मी जुना फ्रिज घेतला, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तापमानाचा कंट्रोलर मिळाला तो बसवला. त्या दिवसापासून माझ्या बिअरचा केळ्याचा वास गेला.

आजोळ | रविवार, संध्या. ५.३५

केळ्याच्या वासाची तक्रार? मला तर तोच आवडतो! मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा गव्हाची बिअर घेतली तेव्हा वाटलं कोणीतरी शिकरण मिसळलंय. वेटरला बोलावून विचारलं, दादा, ही खराब आहे का? तो म्हणाला, सर, हीच तर तिची ओळख.

रसायनवेडी | रविवार, संध्या. ५.५०

आजोळ, अगदी बरोबर. तो आयसोअमाइल ॲसिटेट, पिकलेल्या केळ्यात असतो तोच पदार्थ. गव्हाच्या बिअरमध्ये तो गुण आणि फिकट लागर जातीच्या बिअरमध्ये दोष. वास एकच, पंगत वेगळी.

पेठेतला | रविवार, संध्या. ६.१०

मायक्रोब्रुअरीवरून आठवलं. पुण्यात २००९ साली दूलाली सुरू झाली तेव्हा मी नावावर पैज हरलो होतो. मला वाटलं परदेशी नाव असणार. निघालं आपल्या नाशिकजवळचं देवळाली! ब्रिटिश सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे, उन्हात डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला दूलाली म्हणायला लागले.

मळीवाला | रविवार, रात्री ९.००

फेसाळ, यीस्ट कुठून आणता? पुण्याजवळ मांजरी गावात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकलो, तिथे पहिल्या आठवड्यात डोक्यात बसवलेली गोष्ट म्हणजे विरजण चांगलं तर ताक चांगलं. आपल्या गावात पाषाण रस्त्याला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्टच्या शुद्ध जाती जपून ठेवलेल्या असतात, संस्था आणि कंपन्या रीतसर मागवतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, त्याच्या आधी अख्खे घाणे बिघडायचे आणि कोणाला कळायचं नाही का ते.

पाकीट उन्हातून आलं असेल, तारीख उलटली असेल, तर यीस्ट अर्धमेलं असतं. अर्धमेलं यीस्ट सडक्या अंड्याचा वास काढतं, हायड्रोजन सल्फाइड. तो बहुतेक वेळा बुडबुड्यांबरोबर आपला आपण निघून जातो. घाबरून ओतून देऊ नये.

फेसाळ | रविवार, रात्री ९.२५

कोरडं पाकीट, साडेअकरा ग्रॅमचं, फ्रिजमध्ये ठेवलेलं, तारखेच्या आतलं. सहा चांगल्या घाण्यांना हेच होतं.

मंडईवाला | रविवार, रात्री ९.४०

वासांची गोष्ट निघालीच आहे तर माझा अनुभव लिहितो. हॉप्सचं फोडलेलं पाकीट मी उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलं होतं. दोन महिन्यांनी उघडलं तर शाळेतून आलेल्या पोराचे पावसात भिजलेले मोजे! आयसोव्हॅलेरिक आम्ल म्हणतात त्याला, जुन्या चीजमध्येही असतं. तेव्हापासून हॉप्स फ्रीझरमध्ये, हवा काढून, घट्ट. मटाराच्या पिशवीशेजारी.

भाकरतुकडा | सोमवार, सकाळी ७.५५

माझ्या बिअरला उकडलेल्या कणसाचा वास येतो. पावसाळ्यात खडकवासल्याला गाडीवर पातेल्याचं झाकण उघडल्यावर येतो ना, तस्साच. हे काय? धागा पळवतोय, माफ करा.

रसायनवेडी | सोमवार, सकाळी ८.३०

डायमिथाइल सल्फाइड. फिकट माल्टमध्ये त्याचं पूर्वरूप असतं, उकळताना त्याचा हा वायू होतो. त्याचा उत्कलनबिंदू ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे उकळत्या पातेल्यातून तो पळायलाच बसलेला असतो. तुम्ही झाकण ठेवून उकळता का? झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते आणि कणीस परत येतं. झाकण काढा, पूर्ण तास उकळा, आणि नंतर झटकन गार करा.

भाकरतुकडा | सोमवार, सकाळी ८.३६

झाकण ठेवतो! गॅस वाचवायला. आता कळलं. फार आभार.

वकिली_डोकं | सोमवार, सकाळी ११.००

कोणाचा हिरमोड करायचा नाहीये, पण चोवीस तास झाले आणि हे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. विकत नाही, घरच्यापुरतंच करतो, याने फरक पडत नाही. परदेशात अनेक ठिकाणी ठरावीक लिटरपर्यंत मुभा असते, आपल्याकडे तशी गृहीत धरू नका. दूरदेशींचे अनुभव वाचा, पण ते मेलबर्नचे आहेत हे लक्षात ठेवा.

चिंचवडी_एल | सोमवार, सकाळी ११.२०

हे माझ्यासाठीही नवीन आहे. मला वाटायचं विकलं तरच भानगड.

फेसाळ | सोमवार, दुपारी १.४५

वकीलसाहेब, स्पष्ट लिहिलंत म्हणून मनापासून आभार. माझाही समज चिंचवडीसारखाच होता. आईला वाचून दाखवलं, तिचं मत तुम्ही ओळखलं असेल.

मी थांबतोय. शाळेतला मित्र एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत ब्रुअर आहे, त्यांच्याकडे चाचणीसाठी छोटं पात्र आहे. त्याच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले नोंद त्यांची, देखरेख त्यांची, तू रविवारी येऊन हात लाव. माझी कृती तिथे करून बघणार. पण मग तर हा वास सापडायलाच हवा. त्याच्या पात्रात मी माझी चूक घेऊन जाणार नाही.

थिएटर_सिस्टर | सोमवार, रात्री १०.१५

मी बिअर पीत नाही, बनवत नाही. मुलाने धागा दाखवला म्हणून सगळा वाचला. एकतीस वर्षं ओटीत काढली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काकांची ओटी टेस्ट वेगळी.

बाळा, तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंस, सगळं निर्जंतुक करतो, हयगय नाही. एवढ्या लोकांनी पाणी, यीस्ट, ऊन, फ्रिज सगळं विचारलं. कशाने निर्जंतुक करतोस ते कोणी विचारलंच नाही.

फेसाळ | सोमवार, रात्री १०.३२

ताई, हायपोने. सोडियम हायपोक्लोराइट. बोहरी आळीतून पाच लिटरचा कॅन आणला होता.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात प्रकाश पडतोय. आधी माझ्याकडे स्टीलचा डबा होता, तो मी उकळत्या पाण्याने धुवायचो. सहा चांगले घाणे त्यातले. मग मोठा प्लास्टिकचा टब घेतला. उकळत्या पाण्याने वाकेल म्हणून हायपो सुरू केलं. आणि नंतर साध्या पाण्याने विसळत नव्हतो, परत जंतू लागतील म्हणून.

थिएटर_सिस्टर | सोमवार, रात्री १०.५०

तेच. आमच्याकडे रक्त सांडलं की एक टक्क्याचं हायपो ओतायचो. हाताला लागलं तर साबणाने तीनदा धुतलं तरी रात्री जेवताना घासाला वास यायचा. ते चिकट असतं. प्लास्टिकला ओरखडे असतील तर त्यात बसून राहतं. नळी वापरतोस ना बाटल्या भरायला? नळीच्या आत तर हमखास.

आणि एक ताकीद. हायपोत कधीही ॲसिड, व्हिनेगर, संडास धुवायचं लिक्विड मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तर अजिबात नाही.

नळपाणी | मंगळवार, सकाळी ६.४०

सिस्टर, मानलं. मी ०.२ मिलिग्रॅम मोजत बसलो आणि टबात त्याच्या कैकपट होतं. तरीही माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. पाण्याचाही थोडा वाटा असेल.

आजोळ | मंगळवार, सकाळी ९.१०

आमची आजी लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायची. निखाऱ्यावर हिंग टाकायचा, बरणी उपडी धरायची, मग लगेच फोडी भरायच्या. वर्षभर बुरशी नाही. टबाला तेच केलं तर?

रसायनवेडी | मंगळवार, सकाळी ९.३५

लोणच्याला सोन्यासारखा उपाय आहे, माझी आईही करते. पण धुरात स्वतःची फिनॉलं असतात आणि हिंगात गंधकाची संयुगं. लोणच्यात ती मुरून जातात, उलट चवीला मदत करतात. फिकट बिअर म्हणजे पांढरा सदरा, काही लपत नाही.

मळीवाला | मंगळवार, सकाळी ९.५०

दूधवाल्यांचं आयोडोफोर बघा. डेअरीच्या भांड्यांना वापरतात. पातळ करून, लिटरला साडेबारा मिलिग्रॅम आयोडीन इतकंच, दोन मिनिटं भांडं ओलं ठेवायचं आणि निथळून द्यायचं. तेवढ्या पातळ द्रावणाला विसळायची गरज नसते. नाहीतर फेसाळचा जुना स्टीलचा डबा आणि उकळतं पाणी, त्याला तोड नाही.

रसायनवेडी | मंगळवार, सकाळी १०.२०

फेसाळ, हे नुसतं पटून उपयोग नाही, तपासा. यीस्ट नको, दारू नको, कायद्याचा प्रश्न नको. माल्टचा नुसता काढा करा, नाचणी सत्त्वाची पेज करतो तसा, आणि चार ग्लासांत ओता. कोणत्या ग्लासात काय ते फक्त बहिणीला माहीत असू दे.

फेसाळ | शनिवार, रात्री ८.४०

केलं. लिहायला उशीर झाला कारण तीनदा केलं.

पहिला ग्लास: पाणी आधी दहा मिनिटं उकळून घेतलं, ग्लासही उकळत्या पाण्यात. दुसरा: नळाचं पाणी तसंच, ग्लास उकळलेला. तिसरा: पाणी उकळलेलं, पण ग्लास हायपोने धुऊन न विसळलेला. चौथा: नळाचं पाणी आणि हायपोचा ग्लास. चारही काढे ६६ अंशांना तासभर वेगवेगळ्या पातेल्यांत, पातेली गरम पाण्याच्या परातीत. बहिणीने ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर बशा झाकल्या. अर्ध्या तासाने उघडल्या.

पहिला हुंगला: भाजक्या बिस्किटासारखा, ओल्या गवतासारखा. दुसरा: तसाच, पण नाक मागे घेताना किंचित काहीतरी. मला कळलं, आईला कळलं नाही. तिसऱ्याची बशी उचलली आणि आई खुर्चीत मागे सरकली. चौथा तिसऱ्यासारखाच, मला फरक करता आला नाही. तिन्ही दिवशी चिठ्ठ्या उलटल्यावर हेच निघालं.

म्हणजे सिस्टर ताईंचं बरोबर. नळपाणी काकांचंही थोडं बरोबर.

टब धान्य साठवायलाही ठेवला नाही, भंगारात दिला. नळी कापून टाकली. उरलेल्या बाटल्या आज ओतल्या. प्रत्येक बाटली ओतताना आधी हुंगली, म्हणजे हा वास आता जन्मात चुकणार नाही.

नळपाणी | शनिवार, रात्री ९.०५

"किंचित काहीतरी" एवढ्यावर मी समाधानी आहे.

थिएटर_सिस्टर | शनिवार, रात्री ९.३०

शाबास. उरलेलं हायपो मोरी धुवायला ठेव, झाकण घट्ट लावून, अंधारात. उन्हात ठेवलंस तर त्याचा जोर जातो.

चिंचवडी_एल | रविवार, सकाळी ८.००

आणि ब्रुअरीत जाशील तेव्हा तापमान नोंदवून ठेव, माझ्या समाधानासाठी.

फेसाळ | तीन आठवड्यांनंतर, सोमवार, सकाळी ७.२०

धागा वर काढतोय.

गेल्या पंधरवड्यात मित्राच्या ब्रुअरीत माझ्या कृतीचा घाणा लावला. त्यांचं पाणी कार्बनच्या फिल्टरमधून येतं. भांडी गरम कॉस्टिक सोड्याने धुऊन, विसळून, मग वाफेने. चिंचवडी, तापमान १९ अंश, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, वहीत दर सहा तासांनी लिहिलंय.

काल नमुना काढला. डेटॉल नाही. लवंग नाही. कणीस नाही. मित्राने दोन ग्लास भरले, एक ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून परत गार केला आणि दोन्ही हुंगायला दिले. म्हणाला, गरम केलेल्यात तूप कढवल्यासारखा वास आला तर डायॲसिटिल बाकी आहे. तोही नव्हता.

पण दोन्ही ग्लासांत एक नवा वास आहे. हिरवट. कच्चा लाल भोपळा चिरल्यावर सुरीला येतो तसा, किंवा आंबट हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखा. वाईट नाही, पण माझ्या जुन्या सहा घाण्यांत नव्हता. मित्र सुट्टीवर गेलाय, चार दिवसांनी येईल. फर्मेंटेशनचा आज आठवा दिवस. काय असेल?

रसायनवेडी | सोमवार, सकाळी ७.४५

ॲसिटाल्डिहाइड. साखरेचं अल्कोहोल होताना शेवटच्या पायरीच्या आधी हा पदार्थ बनतो. यीस्टचं काम संपत आलंय, संपलेलं नाही. १९ अंशांना आठ दिवस कमीच आहेत. यीस्ट तळाशी आहे तोवर ते हा उरलेला पदार्थ परत घेतं. ब्रुअरला फोन करून एकदोन अंश वाढवायचे का विचारा, आणि यीस्टवरून बिअर इतक्यात काढू देऊ नका.

मळीवाला | सोमवार, सकाळी ७.५२

सही. आणि नमुना रोज काढू नकोस. प्रत्येक वेळी हवा आत जाते, मग आठवड्याने ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचा नवा धागा काढावा लागेल.

फेसाळ | सोमवार, सकाळी ८.०३

फोन केला. २१ करायला सांगितलंय. शुक्रवारपर्यंत हात लावत नाही.